ऐरोलीची रोहित सफर : तिथी बघून जा, चिखल बघून या

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणारी बोटसफर एकाच आठवड्यात दोन कुटुंबांना अगदी वेगळी वाटू शकते. एका कुटुंबाला चिखलात चोची खुपसून चरणारे हजारो रोहित (फ्लेमिंगो) जवळून दिसतात, दुसऱ्याला तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या, कडेला लांबवर फिकट गुलाबी रेघ. बोट तीच, नावाडी तेच, तिकीटही तेच. फरक पडतो तो भरतीच्या वेळेमुळे. तेव्हा या सफरीबद्दल लिहायचं तर सुरुवात भरती-ओहोटीपासूनच करावी लागते.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. ठाणे, मुलुंड, नवी मुंबई या पट्ट्यात राहणाऱ्यांनी डिसेंबर ते एप्रिल या काळात ही सफर एकदा तरी करावी. आपण ज्या साष्टी बेटावर किंवा त्याच्या समोरच्या काठावर राहतो, त्या बेटाचं पाणी, चिखल, झाडं, मासे आणि पक्षी कसे सांभाळले जातात हे एका तासात इतकं उघड्यावर दाखवणारी दुसरी जागा जवळपास नाही. पण दिवस निवडून जावं. रविवार मोकळा मिळाला म्हणून गेलं तर निराशा पदरी येण्याची शक्यता बरीच.

कारण साधं आहे. रोहित चिखलावर चरतात आणि बोटीला पाणी लागतं. पूर्ण भरतीला बोट कुठेही फिरेल, पण तेव्हा चिखलपट्टे बुडालेले असतात आणि पक्षी उडून आतल्या पाणथळींवर विसाव्याला गेलेले असतात. पूर्ण सुकतीला चिखल दूरवर उघडा पडतो, थवे पांगतात आणि बोटीचा पंखा गाळात अडकतो. सफरीच्या वेळा रोज बदलतात त्या यामुळे. उत्तम वेळ म्हणजे भरती पूर्ण होऊन पाणी उतरायला लागल्यावरचे पहिले दोन-अडीच तास. चिखलाची कड नुकती उघडी पडत असते, मधल्या धारेत अजून पाणी असतं आणि भुकेले पक्षी त्या ओल्या कडेवरच गर्दी करतात.

ही वेळ काढायचा कोळ्यांचा हिशेब आजही चालतो. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या दरम्यान. हिशेब शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना लागू पडतो, आणि दिवसात दोन भरत्या येत असल्यामुळे तीच वेळ पहाटेची आणि थोड्या फरकाने संध्याकाळचीही धरायची. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. शिवाय हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याचा. खाडीच्या आत ऐरोलीपर्यंत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो. म्हणून तिथीवरून दिवस ठरवावा आणि नेमकी वेळ भरतीच्या छापील किंवा ऑनलाइन तक्त्यावरून पक्की करावी.

या हिशेबाने षष्ठी ते दशमी हे दिवस सकाळच्या सफरीसाठी सर्वांत चांगले ठरतात. पहाटे साडेचार ते सकाळी साडेसातच्या दरम्यान भरती होते आणि बोटी सुटायच्या वेळेला पाणी उतरत असतं. हे दिवस भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असण्याचे असतात, हा दुसरा फायदा. उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. भांगाला तो दीड-दोन मीटरच्या आसपास राहतो. भांगाची भरती सगळा चिखल बुडवत नाही आणि भांगाची ओहोटी धार पूर्ण कोरडी पाडत नाही. पक्षी आणि बोट, दोघांनाही सोयीचं. महिन्यातून असे दिवस दोनदा मिळतात. पौर्णिमेच्या आगेमागे सकाळी नऊची जागा मिळत असेल, तर ती सोडून पुढची बघावी.

सकाळीच जाण्याचं आणखी एक कारण उजेडाचं. ठाणे खाडी रोहित अभयारण्य खाडीच्या पश्चिम काठावर, ऐरोली पूल आणि वाशी पूल यांच्या दरम्यान आहे. ऐरोलीहून, म्हणजे पूर्व काठावरून, निघालेल्या बोटीतून सकाळी पश्चिमेकडे पाहिलं की सूर्य पाठीशी असतो आणि पिसांचा खरा रंग दिसतो. संध्याकाळी तेच पक्षी काळ्या आकृत्यांसारखे दिसतात. फोटो काढणाऱ्यांनी ३०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स न्यावी. मोबाइलवर भिस्त ठेवू नये. दुर्बीण असेल तर ८ × ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी. बोट सतत हलत असते आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीत तो थरथराटही दहापट होतो.

जागा आधी ऑनलाइन आरक्षित करावी लागते. जायचं असेल तेव्हाचे दर तिथेच पाहावेत. शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात, म्हणून तिथी जुळत असेल तर मधला वार घ्यावा. मोठ्या बोटीत कडेची जागा मिळाली तर उठून दुसऱ्या बाजूला धावू नये. सगळे एका बाजूला झाले की बोट कलते आणि नावाड्याला थांबावं लागतं, त्यात जवळ आलेला थवा हातचा जातो. लाइफ जॅकेटचे पट्टे बोटीत बसण्याआधी आवळून घ्यावेत. टोपी आणि पाणी हवंच, मार्चनंतर तर उन्हाचा मारा वरून आणि पाण्यावरून असा दुहेरी असतो. स्वच्छतागृह केंद्रातच वापरून निघावं. भडक लाल-पिवळे कपडे टाळले तर बरं. ड्रोन अभयारण्यात चालत नाही.

आता रोहितांबद्दल. इथे दोन जाती दिसतात आणि त्या ओळखता आल्या तर सफरीची गोडी दुप्पट होते. मोठा रोहित उंच, जवळजवळ पांढरा, चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. छोटा रोहित साधारण ८० ते ९० सेंटिमीटर उंचीचा, जास्त गुलाबी, चोच गडद तांबूस-काळपट. खाडीत गर्दी असते ती मुख्यतः छोट्यांची. मळकट करड्या रंगाचे पक्षी दिसले तर ते आजारी नसतात, ती पिल्लं असतात. रंग यायला दोन-तीन वर्षं लागतात. गुलाबी रंग खाण्यातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांमधून येतो. छोट्या रोहिताच्या चोचीत आतल्या बाजूने अतिशय बारीक झालर असते. चोच उलटी धरून तो पाणी आत घेतो, जिभेने बाहेर ढकलतो आणि सूक्ष्म शेवाळ झालरीत अडकवतो. मोठ्या रोहिताची झालर जाड, म्हणून तो छोटे कवचधारी जीव आणि अळ्या खातो. एकाच चिखलावर दोघं शेजारी चरतात आणि तरी एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत.

हे शेवाळ इथे इतकं का आहे, हा प्रश्न सोबतच्या मार्गदर्शकाला जरूर विचारावा, कारण सफरीचा खरा गाभा इथे आहे. दोन्ही काठांवरच्या शहरांचं सांडपाणी खाडीत येतं. त्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर शेवाळ पोसतं आणि शेवाळावर रोहित. म्हणजे पक्षी दिसतात म्हणून खाडी स्वच्छ आहे, असा अर्थ काढता येत नाही. सांडपाणी आणखी वाढलं तर पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे आणि चिखलातले किडे मरतात. शेवाळाची जात बदलली तर छोट्या रोहितालाही उपाशी राहावं लागेल. सांडपाण्यावरची प्रक्रिया कशी आणि किती करायची हा इथल्या व्यवस्थापनातला सर्वांत नाजूक प्रश्न आहे, आणि बोटीतून काळपट फेसाळ पाण्याकडे बघताना तो समजायला सोपा जातो.

दुसरा पेच चिखल आणि झाडांचा. ठाण्याकडे खाडी अरुंद होत उल्हास नदीच्या खाडीशी जोडली जाते. भराव आणि पुलांमुळे प्रवाह मंदावला की गाळ बसतो. गाळ उंचावला की त्यावर तिवर रुजतं, आणि तिवर वाढलं की रोहितांचा उघडा चिखल कमी होतो. खारफुटी वाचवायलाच हवी, पण उघडा चिखलपट्टा ही मोकळी पडलेली जागा नसते, हे अनेक वृक्षारोपणवाल्यांच्या लक्षात येत नाही. जिथे आजवर झाड नव्हतं अशा चिखलावर रोपं लावली तर ती बहुधा लाटांनी उपटली जातात, आणि जगलीच तर टिलवे, मालगुजे, कोरल या पक्ष्यांची चरण्याची जागा जाते. लागवड करायची ती पूर्वी खारफुटी होती आणि बांध घातल्यामुळे मेली अशा ठिकाणी. तिथेही आधी बांध फोडून भरतीचं पाणी आत येऊ द्यायचं. पाणी नीट खेळू लागलं की बी भरतीबरोबर आपसूक येतं आणि पुष्कळदा रोपं लावायची गरजच उरत नाही. लावायचीच झाली तर दीड मीटर अंतरावर, म्हणजे हेक्टरी ४,४४४ रोपं बसतात.

अभयारण्याच्या आकड्यांतही हा समतोल दिसतो. २०१५ साली जाहीर झालेल्या १,६९० हेक्टरांपैकी ८९६ हेक्टर खारफुटीचे आणि ७९४ हेक्टर पाण्याचे आहेत. मालवणनंतरचं राज्यातलं हे दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ च्या ऑगस्टमध्ये अभयारण्यासह खाडीच्या ६,५२१ हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर महाराष्ट्रातलं तिसरं. कायद्याचं पाठबळही भक्कम आहे. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीची तोड हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला आणि खारफुटीभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई कायम केली.

बोट पक्ष्यांच्या किती जवळ न्यावी यावरून प्रवासी आणि नावाडी यांच्यात हमखास ओढाताण होते. इथे नावाड्याची बाजू घ्यावी. चरणारे रोहित माना खाली घालून असतात. एकेक करून माना वर येऊ लागल्या की बोट हळू करायची. सगळ्या माना वर आणि सगळे एकाच दिशेने चालू लागले, की इंजिन बंद. पंखांतला काळा-लाल रंग उघडा पडला म्हणजे उशीर झाला. थवा उडाल्यावर फोटो सुंदर येतो हे खरं, पण चरण्याच्या मोजक्या तासांतला वेळ आणि ताकद दोन्ही वाया जातात, आणि पुढच्या फेरीच्या लोकांना रिकामा चिखल बघावा लागतो. इंजिन बंद करून प्रवाहाबरोबर वाहत जाणारी बोट पक्षी बरीच जवळ येऊ देतात. उतरत्या पाण्याचा हा आणखी एक फायदा.

रोहितांच्या नादात बाकीचे राहून जातात. वर वळलेल्या चोचीचा उचाट्या, लाल पायांचा शेकाट्या, खांबांवर पंख पसरून बसलेले पाणकावळे, वर घिरट्या घालणारी दलदल हारिण (हा शिकारी पक्षी), कधी ठिपकेवाला गरुड. काठाच्या चिखलावर निवट्या मासे फरफटत चालतात आणि एक नांगी मोठी असलेले छोटे खेकडे ती हलवत बसतात. खारफुटीत कोल्हेही राहतात, पण दिवसा दिसणं नशिबाची गोष्ट.

बोटीनंतर लगेच घरी पळू नये. केंद्राच्या आवारातली खारफुटीतली पायवाट अर्धा तास देण्याच्या लायकीची आहे, आणि बोटीतून हिरवी भिंत वाटणारं जंगल इथे झाडाझाडाने वेगळं होतं. तिवराचं पान उलटं करून उन्हात धरलं तर मिठाचे कण चमकतात. झाड जास्तीचं मीठ पानांतल्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. त्याची श्वसनमुळं पेन्सिलीसारखी उभी असतात. चिपीची मुळं बुडाशी जाड आणि वर निमुळती. कांदळाच्या मुळ्या खोडातून कमानीसारख्या उतरतात आणि त्याचं बी झाडावर असतानाच रुजून लांब शेंगेसारखं लोंबतं. मारांडीची पानं काटेरी, फुलं जांभळी. पांढरी चिपी हे २०२० पासून महाराष्ट्राचं राज्य कांदळवृक्ष आहे. अशी घोषणा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य.

श्वसनमुळांत अडकलेल्या प्लास्टिककडेही बघून घ्यावं. गाळात प्राणवायू नसतो, म्हणून ही मुळं हवेत वर येतात. त्यांच्यावर पिशवी चिकटली की त्या जागेचा श्वास बंद होतो. कचरा काढतानाही शिस्त लागते. दाताळ्याने ओढला तर मुळं मोडतात आणि कोवळी रोपं उपटली जातात, म्हणून ओहोटीच्या वेळी हातानेच काढावा लागतो आणि पुढची भरती चढायच्या आत बाहेर न्यावा लागतो.

पावसाळ्याच्या शेवटी केंद्रावर गेलात आणि तिवरांची सगळी पानं जाळीदार, तपकिरी दिसली, तर कोणी विष टाकलं असा गवगवा करू नये. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सागाची पानं खाणाऱ्या पतंगाच्याच अळ्या तिवरावर तुटून पडतात. काही आठवड्यांत झाडांना पुन्हा पालवी येते. फवारणी केली तर अळ्यांबरोबर चिखलातले खेकडे आणि माशांची पिल्लंही मरतील, त्यामुळे काहीही न करणं हाच इथे योग्य उपाय.

प्रदर्शन दालनं मुलांना आवडतील अशी आहेत, सागरी जीवांच्या प्रतिकृती आणि माहितीफलक वगैरे. मोठ्यांनी त्यापेक्षा विदूषक माशांच्या इथल्या बीजोत्पादनाबद्दल विचारावं. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या सहकार्याने हे काम ऐरोलीत उभं राहिलं. याच संस्थेने लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर शोभेच्या कोळंबीचं संगोपन स्थानिक महिलांना शिकवलं आहे. विचार दोन्हीकडे एकच आहे. प्रवाळातून शोभेचे मासे पकडत राहिलं तर प्रवाळ ओसाड होतात, तेच मासे टाकीत वाढवले तर बेटावरच्या लोकांना कमाई होते आणि प्रवाळ सुटतात. काम मात्र किचकट. जोडीतला मोठा मासा मादी, छोटा नर; मादी गेली तर नरच मादी होतो. अंडी मातीच्या भांड्यावर किंवा फरशीवर चिकटवली जातात, नर त्यांना पंखांनी वारा घालतो. २७-२८ अंश तापमानात आठवडाभराने, अंधार पडल्यावर पिल्लं बाहेर येतात. पहिले काही दिवस त्यांना रोटिफर हे जिवंत सूक्ष्म जीव खायला लागतात, मग आर्टेमिया हे त्याहून मोठे कवचधारी जीव. बहुतेक पिल्लं मरतात ती याच बदलाच्या दिवसांत. रोटिफरची घनता टाकीत कमी पडली तर आईबाप कितीही निरोगी असोत, हाती काही लागत नाही.

खाडीकाठच्या माणसांचा पोटापाण्याचा धागाही समजून घ्यावा. २०१७ साली राज्याने कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आणली. गट केला तर ९० टक्के रक्कम शासनाची आणि १० टक्के गटाची. खेकडापालन, कालवं, पिंजऱ्यातला जिताडा, निसर्ग पर्यटन असे पर्याय त्यात आहेत. खेकड्यांच्या बाबतीत सोपा प्रकार म्हणजे नुकतीच कात टाकलेली, आतून पाणचट चिंबोरी घेऊन तीन-चार आठवडे खाऊ घालायची. कवच कडक झालं, मांस भरलं की भाव कितीतरी वाढतो. फसतं ते बहुतेक वेळा एकाच चुकीमुळे. सगळ्या चिंबोऱ्या एका कुंपणात सोडल्या तर कडक झालेल्या मऊ असलेल्यांना खातात. म्हणून प्रत्येकीला वेगळा खण, नाहीतर निदान पाइपांचे तुकडे टाकून लपायला जागा. खारफुटी उभी असल्याशिवाय चिंबोरी मिळत नाही, हे समजलेला माणूस तिवरावर कोयता चालू देत नाही.

उणीव सांगायची तर एकच, आणि ती भरून काढता येण्यासारखी आहे. मोठ्या बोटीत इंजिनाच्या आवाजात मागच्या रांगेपर्यंत माहिती पोचत नाही. मार्गदर्शकाजवळ पुढे बसावं, किंवा इंजिन बंद होईल तेव्हा प्रश्न विचारावेत. पक्ष्यांचं छोटं चित्रपत्रक घरूनच नेलं तर मुलं स्वतः ओळखू लागतात. ठाण्याकडून येणाऱ्यांना ट्रान्स-हार्बर मार्गाची लोकल सर्वांत सोयीची. ऐरोली स्थानकाबाहेर रिक्षा मिळते. मुलुंडकरांनी ऐरोली पूल ओलांडून यावं, मात्र सकाळी नऊनंतर पुलावरच्या गर्दीसाठी अर्धा तास हातात ठेवावा. बोट भरतीच्या वेळेवर सुटते, उशिरा येणाऱ्यासाठी थांबत नाही.

आणि उधाणाच्याच दिवशी सुट्टी मिळाली, तर बोटीचा हट्ट सोडून नेरुळ-सीवूड्सकडे वळावं. दुपारी बाराच्या सुमारास खाडीतला चिखल बुडाला की तिथले रोहित डीपीएस शाळेजवळच्या तलावावर आणि शेजारच्या पाणथळींवर येऊन एका पायावर विसावतात. काठावरून, पायी, फुकट दिसतात. तलावाला खाडीचं पाणी नळ्यांतून मिळतं. त्या तुंबल्या की पाणी साचून हिरवी साय धरते आणि पक्षी उतरत नाहीत. काठावर पोचल्यावर आधी पाण्याची हालचाल बघावी. कडेचा कचरा आत-बाहेर सरकत असेल तर तासभर थांबायला हरकत नाही.